काच गार नव्हती

मी जनावरं भरवणारा माणूस आहे. कागदावर ह्याला कृत्रिम रेतन म्हणतात, गावागावांत मला 'कांडीवाला डॉक्टर' म्हणतात. गाय किंवा म्हैस माजावर आली की शेतकऱ्याचा फोन येतो. मी मोटरसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधून जातो, गोठवलेल्या वीर्याची कांडी कोमट पाण्यात धरतो, काम करतो आणि परत येतो. वीस वर्षं हेच चाललंय. राहायला सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका गल्लीत दोन खोल्या. बायको सुवर्णा शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर आहे. लग्नाला बारा वर्षं झाली. मूल नाही.

मला मेंदूच्या खाली गाठ झाली होती. आता ती गोळ्यांनी आक्रसलीय आणि मी ठणठणीत आहे, त्यामुळं कुणाला भीती घालायला हे लिहीत नाही. आजारानं माझं केलं त्यापेक्षा जास्त वाईट मी सुवर्णाचं केलं, ते सांगायला लिहितोय. माझ्यासारखा दुसरा एखादा शहाणा कुठंतरी असेलच, त्यानं वेळेत वाचावं.

बाजूचं दिसेना

आधी डोकं दुखायचं, दोन भुवयांच्या मागं. उन्हातान्हात फिरतो, दुखणारच, म्हणून मी गोळी गिळून कामाला जायचो. मग दाढी वाढायची कमी झाली. पूर्वी रोज करायला लागायची, आता आठवड्यातून एकदा पुरे. मी म्हणायचो, बरंय, ब्लेड वाचतंय! आणि बायकोजवळ जायची इच्छाच उरली नाही. हेही सरळ सांगून टाकतो, कारण हीच गोष्ट आम्ही पुरुष कुणाला सांगत नाही. दिवसभर तेच काम केल्यावर घरी कोण ओव्हरटाइम करतंय, असा विनोद मी चहाच्या टपरीवर करायचो. लोक हसायचे, मीही हसायचो.

समोरचं लख्ख दिसत होतं, म्हणून बाजूचं दिसत नाही हे मला कळलंच नाही. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, ताटाशेजारचा तांब्या लवंडायचा. सुवर्णा म्हणायची, "अवो, डोळं कुटं ठिवून येता?" एकदा एका गोठ्यात शेजारच्या म्हशीचं शिंग बरगडीत बसलं. मालक म्हणाला, "डॉक्टर, लई येळ मान झटकत हुती की ती. दिसली न्हाय व्हय?" नव्हती दिसली. त्याच आठवड्यात सात रस्ता चौकात डाव्या बाजूनं आलेल्या रिक्षाला मी गाडी घातली. सुवर्णा मागं बसली होती. तिचं कोपर सोलून निघालं. तशीच रक्ताळलेल्या हातानं तिनं मला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं.

निदानाचा दिवस

डोळ्याच्या डॉक्टरनं एका मशीनपुढं बसवलं. पांढऱ्या वाटीत तोंड घालायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी दाबत होतो, मला वाटलं पहिला नंबर येणार. कागद निघाला तर दोन्ही कडा काळ्याभोर. तिथून एमआरआय, तिथून रक्त, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं हार्मोनच्या डॉक्टर मॅडमपुढं बसलो होतो.

मॅडमनी फोटो उजेडात धरला. मेंदूच्या खाली जी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिथं द्राक्षाएवढी गाठ होती आणि ती डोळ्यांच्या नसा दाबत होती. "कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या, आणि सुवर्णानं माझं मनगट सोडलं. तोपर्यंत तिनं ते धरलंय हेही मला कळलं नव्हतं. "पण ह्या गाठीतून दूध उतरवणारं हार्मोन तयार होतंय. तुमच्या रक्तात ते एखाद्या बाळंतिणीपेक्षाही कितीतरी जास्त आहे. ते वाढलं की काय होतं..."

मला ठाऊक होतं काय होतं. मी शेतकऱ्यांना हेच शिकवतो. रेडकू सारखं लुचत असलं की म्हैस लवकर माजावर येत नाही, कारण मेंदूकडून खाली जाणारा हुकूम दुधाचं हार्मोन अडवून धरतं. मादीत बीज पिकायचं थांबतं, नरात वीर्य तयार व्हायचं कमी होतं. गाय असो, मेंढी असो, नाहीतर शुक्रवार पेठेतला माणूस असो, ग्रंथी तीच आणि हुकूमही तोच. वीस वर्षं हे दुसऱ्याला सांगत फिरलो.

"मुलं किती?" मॅडमनी विचारलं.

"न्हाईत," सुवर्णा म्हणाली. "माझ्यात दोष हाय."

माझं नाव अमुक, गाव तमुक, अशा सहज आवाजात ती हे बोलली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं तुम्हाला? ह्यांची तपासणी झाली होती का कधी?"

"झालीया की. सात वर्षं झाली. यांनी सोताच बघितलं, दुर्बिणीखाली. चांगलं हुतं."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. "तेव्हा बरं होतं," मी म्हणालो. "असेल," त्या म्हणाल्या, "गाठ नंतरही वाढलेली असू शकते." मला तेवढंच पाहिजे होतं. मी मान डोलावली.

सात वर्षांपूर्वीची दुपार

लग्नाला पाच वर्षं होऊन गेली होती. पहिल्या डॉक्टरीणबाईंनी सुवर्णाला सांगितलं होतं, आधी नवऱ्याचा रिपोर्ट आणा. लॅबमध्ये जाऊन, काउंटरवर नाव सांगून, डबी हातात घेऊन संडासात जायचं, ह्या कल्पनेनंच माझं डोकं फिरलं. आणि गरज काय? आमच्या रेतन केंद्रावर मायक्रोस्कोप होता. आलेल्या कांड्यांतली एखादी फोडून, हालचाल बघून, माल चांगला की वाईट हे मीच ठरवायचो. दुपारी जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी माझंच बघितलं.

चांगल्या कांडीचा थेंब काचेवर घेतला की सगळं नुसतं खळबळत असतं. माझ्या काचेवर बराच वेळ काहीच दिसेना. मग एक दिसला, ढकलल्यासारखा सरकणारा. काच हलवत हलवत मी पाच-सहा मोजले. आमच्याकडं अशी कांडी आली असती तर मी फेकून दिली असती.

आता आमच्या कामात एक गोष्ट आहे. काच गार असली की जिवंत मालही मेल्यासारखा दिसतो. म्हणून काच ठेवायला एक गरम पाटी असते. नवीन माणूस हमखास चुकतो, गार काचेवर बघतो आणि चांगला माल वाईट ठरवतो. मी स्वतःला सांगितलं, काच गार होती. संध्याकाळी सुवर्णानं विचारलं तर म्हणालो, "बघितलं. एकदम चांगलं हाय."

पण गरम पाटी चालू होती. तिच्यावरचा लाल दिवा मी बघितला होता. काच मी तिच्यावरूनच उचलली होती. दुसऱ्यांदा तपासायला काही कुणी अडवलं नव्हतं, सबंध आठवडा पडला होता. मी परत बघितलं नाही, कारण परत काय दिसणार ते मला माहीत होतं.

तिच्या सुया

पुढची सात वर्षं सुवर्णानं काढली. दोन डॉक्टरांना मी तोंडीच सांगितलं, माझं नॉर्मल आहे, मी ह्याच लाइनमधला आहे. त्यांनी मानलं. तिसरे म्हणाले, कागद पाहिजे. मी घरी येऊन त्या डॉक्टरांना शिव्या दिल्या आणि डॉक्टर बदलला. तिच्या नळ्या तपासल्या. पोटातून दुर्बीण घालून झाली. तिचे रिपोर्ट सगळे चांगले यायचे, आणि ते चांगले येतात म्हणून ती आणखी रडायची, कारण मग दोष नेमका कुठं आहे ते कुणालाच सापडत नव्हतं. बीज पिकायच्या सुया सुरू झाल्या. त्या रोज घ्यायच्या असत. रोज कुठं दवाखान्यात जा, म्हणून मी म्हणालो, मी देतो की. माझा हात हलका आहे. दंडाला, पोटाला, जिथं सांगतील तिथं. तिचं अंग सुजायचं, डोकं भणभणायचं, त्याच अंगानं ती आठ तास मशीनवर बसायची. मी सुई टोचून कापूस दाबायचो आणि म्हणायचो, "दुखलं का?" ती म्हणायची, "तुमचा हात लागला की कळतबी न्हाय."

माझी आई सांगोल्याकडं गावी असते. आमची मेंढरं आहेत. मेंढरांत हिशेब सोपा असतो: एक मेंढा, पुष्कळ मेंढ्या. एखादी मेंढी गाभण राहिली नाही तर दोष तिचा, ती विकायची. सगळा कळप रिकामा राहिला तरच मेंढा बदलायचा. ह्याच हिशेबात मी लहानाचा मोठा झालो. एकाच बायकोच्या संसारात ही पडताळणी होत नाही, हे मला कधी सुचलं नाही. म्हणजे सुचलं होतं, पण मी ते दाबून टाकलं.

धाकट्या भावजयीचं डोहाळजेवण होतं तेव्हा सुवर्णानं स्वतः शिवलेली चोळी नेली होती. ओटी भरायला ती पाटापाशी बसली, तर आई सगळ्या बायकांत म्हणाली, "तू ऊठ गं. भाकड बाईचा हात नगं हितं." सुवर्णा उठून चुलीपाशी जाऊन बसली. मी दारात उभा होतो. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की आई, तिच्यात दोष नाही. मी चप्पल घातली आणि मेंढरं बघायला गेलो.

वॉर्ड

नजर फारच कमी झाली होती म्हणून मॅडमनी ॲडमिट करून घेतलं. गोळी आठवड्यातून दोनदाच, पण ती घेतली की पोटात ढवळायचं आणि उभं राहिलं की भोवळ यायची. गोळीनं गाठ आक्रसली नाही तर नाकातून ऑपरेशन करावं लागेल, असं सांगितलं होतं. मी गोठ्यात कितीही अवघड प्रसंगाला घाबरलो नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत काहीतरी घालणार, ह्या विचारानं मी नर्सला रोज विचारायचो, ऑपरेशन टळेल ना? सकाळी रक्तदाब, नाश्त्याला उपमा, मग मॅडमचा राउंड. राउंडला मॅडम माझ्या डोळ्यांसमोर बोटं धरायच्या आणि बाजूला न्यायच्या. "आता दिसतंय? आता?" मी खोटं 'दिसतंय' म्हणायचो. त्या हसून म्हणायच्या, "हात खाली घेऊन मिनिट झालं हो."

शेजारच्या खाटेवर यल्लप्पा मामा होते. सगळा जन्म यंत्रमागावर काढलेला, गळ्याचं ऑपरेशन झालेलं, घरच्यांशी तेलुगू आणि माझ्याशी घोगरं मराठी. त्यांच्या घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी यायची, त्यांना गिळवत नव्हतं म्हणून ती माझ्या वाट्याला. सुवर्णा कारखाना सुटला की थेट वॉर्डात यायची, माझे पाय चेपायची, मामांची चादरही झटकून घालायची. मामा म्हणायचे, "मारुती, काय पुण्य केलंस रे बाबा, अशी बायको मिळायला?" मी तोंड फिरवून घ्यायचो. एरवी माझी जीभ कधी गप्प नसते.

नवव्या दिवशी परत त्या वाटीच्या मशीनवर बसवलं. काळ्या कडा निम्म्या झाल्या होत्या. ऑपरेशन टळलं. सुवर्णा पेढे घेऊन आली, वॉर्डभर वाटले. मामांच्या हातावर पेढा ठेवत म्हणाली, "माझ्या नशिबात लेकरू न्हवतं, असू दे. यांचं डोळं वाचलं, देवानं माझं ऐकलं."

तेव्हा मला राहवलं नाही. मामांना तपासायला नेलं आणि मी म्हणालो, "सुवर्णा, ते चांगलं नव्हतं."

"काय?"

"सात वर्षांमागं मी बघितलं ते. हालणारे सगळे मिळून पाच-सहा होते. तुला खोटं सांगितलं."

ती हातातल्या पेढ्यांच्या खोक्याकडं बघत राहिली. मग माझीच बाजू घेऊन म्हणाली, "काच गार आसंल. तुमीच सांगता की, गार काचंवर सगळं मेल्यालं दिसतं."

ही पळवाट तिनं मला स्वतःच्या हातानं दिली होती. 'व्हय' म्हणालो असतो तर तिथंच मिटलं असतं.

"काच गार नव्हती," मी म्हणालो.

तिनं खोकं खाटेवर ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "सुया देताना तुमचा हात एकदाबी हालला न्हाय." खोक्याचं झाकण लावलं, पिशवी उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी डबा आला. तिनंच आणला, पण टेबलावर ठेवला आणि बसली नाही.

घरी आल्यावर

काही महिन्यांनी मॅडमनी माझा रिपोर्ट करायला सांगितला. ह्या वेळी मी लॅबमध्ये गेलो, काउंटरवर नाव सांगितलं, डबी घेतली. वीस मिनिटांत बाहेर आलो. कुणी माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. ह्या वीस मिनिटांना भिऊन मी तिला सात वर्षं सुयांवर ठेवलं.

रिपोर्ट चांगला आला. हार्मोन खाली आलं, अडलेला हुकूम सुटला. मॅडम म्हणाल्या, "आता मिसेसना घेऊन या, प्रयत्न करायला हरकत नाही." मी उड्या मारतच घरी गेलो. सुवर्णा भाजी निवडत होती. तिनं कागद घेतला, वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"मी एकोणचाळीसची हाय. लई तपासून घेतलं मी. आता मला कुणी हात लावायचा न्हाय, डॉक्टरनी न्हाय आन् तुमीबी न्हाय."

मी रडलो. पाया पडायला गेलो तर तिनं पाय मागं घेतले. "माझ्यापुढं रडून काय उपेग? जितनं मला उठवलं तितं जाऊन सांगा. सगळ्यांम्होरं."

आता ह्या आजारात असलेल्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. डोकं दुखतंय, दाढी कमी वाढतेय, इच्छा होत नाही, हे सगळं एकत्र आलं तर लाजू नका, रक्त तपासा. गोळ्या असतात, त्यांनी बरं वाटतं. आणि घरात मूल होत नसेल तर बायकोला सुईचं टोकसुद्धा लागायच्या आधी आपला रिपोर्ट करा, खऱ्या लॅबमध्ये, दुसऱ्याच्या डोळ्यांनी.

गावी

त्याच भावजयीच्या दुसऱ्या मुलीचं बारसं होतं. आम्ही दोघं गेलो. अंगणात बायका बसलेल्या, पाळणा बांधलेला. सुवर्णा नेहमीसारखी कडेला, चुलीच्या बाजूला. मी मधे जाऊन उभा राहिलो. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात मी तासतासभर बोलतो, पण इथं दोन वाक्यांना घाम फुटला. म्हणालो, "आई, आमाला लेकरू झालं न्हाय त्यो दोष माझा हाय. माझ्यात आजार हुता. मला सात वर्षं ठावं हुतं आन् मी लपवलं. हिच्यात कायबी दोष न्हाय, कवाच नव्हता."

आईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग हसली. "गोळ्या लई कडक हायती वाटतं." मी परत म्हणालो, खरंच सांगतोय. तेव्हा तिचं हसू गेलं. ती माझ्यावर चिडेल, शिव्या देईल, मला वाटलं होतं. तिनं मान वळवली आणि चुलीकडं बघून म्हणाली, "तूच पढवलंस व्हय गं ह्याला? आपलं झाकायला नवऱ्याला चारचौघींत उगडं पाडलंस?"

साऱ्या बायका सुवर्णाकडं बघायला लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. मी ओरडून सांगत होतो, नाही गं, ती काही बोलली नाही, हे माझं मी सांगतोय. पण जितकं जास्त बोलावं तितकी आई मान हलवून म्हणत होती, बघा, बोलता येतंय का त्याला धड, सगळं शिकवल्यालं. मी खरं बोललो आणि तेही तिच्याच माथी बसलं.

एसटीत ती खिडकीपाशी बसली होती. सांगोला सुटलं, मंगळवेढं गेलं. मी म्हणालो, "सांगितलं की मी. त्यांनी मानलं न्हाय, मी काय करू?"

"परत सांगा."

"किती येळा सांगू?"

"मी सुया घेतल्या तवा कुणी इचारलं न्हवतं, किती येळा."

तेव्हापासून दर महिन्याला मी एकटाच गावी जातो. आईसमोर बसतो आणि सांगतो. सुवर्णा घरात आहे, माझ्याशी कामापुरतं बोलते, रात्रीचं जेवण झाकून ठेवते. मी आलो की एवढंच विचारते, "मानलं का?" चार वेळा सांगून झालं. आई अजून म्हणते, बायकोच्या सांगण्यावरून बोलतोय. हे लिहिणं म्हणजे पाचवी वेळ.